दुसऱ्याचे मूल : अपहरणाच्या एका चित्रपटाविषयी

खुनाच्या रहस्यकथेत मुख्य अपराध बहुधा कथेच्या आरंभीच घडून गेलेला असतो. मृत व्यक्तीला परत आणणे कोणाच्याही हाती नसते. त्यामुळे पुढचा सारा शोध म्हणजे एका अर्थी बुद्धीचे कोडे असते आणि वाचक अथवा प्रेक्षक ते कोडे निर्धास्त मनाने सोडवू शकतो. अपहरणाच्या कथेची प्रकृती याहून निराळी आहे. येथे अपराध अपुरा असतो. आपण पाहत असतानाच तो घडत असतो. पळवून नेलेली व्यक्ती जिवंत आहे की नाही, हे ठाऊक नसते. शोध करणाऱ्याचे एखादे चुकीचे पाऊल तिच्या प्राणांवर बेतू शकते. आणखी एक गोष्ट आहे. खंडणीसाठी अपहरण करणाऱ्याला आपला हेतू साधण्यासाठी दुसऱ्या एका माणसाचे साहाय्य घ्यावेच लागते. तो माणूस म्हणजे खंडणी देणारा. त्याच्या मनातील माया, भीती आणि काळजी हीच अपराध्याची हत्यारे होत.

अशी कथा पडद्यावर मांडताना दिग्दर्शकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे दाखवायचे काय? जिच्यावर संकट आले आहे ती व्यक्ती दूर कोठेतरी कोंडलेली आहे. अपराधी अज्ञात आहे. उरतो तो केवळ एक दूरध्वनी आणि त्याच्याभोवती वाट पाहत बसलेली माणसे. सामान्य चित्रपट या अडचणीतून सोपी वाट काढतात. ते कोंडलेल्या मुलाचे रडणे दाखवतात, खलनायकाचा अड्डा दाखवतात, मोटारींचे पाठलाग दाखवतात. जपानचे विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी 1963 साली ही सोपी वाट नाकारली. त्यांच्या त्या चित्रपटाचे जपानी नाव ‘तेंगोकु तो जिगोकु’, म्हणजेच ‘स्वर्ग आणि नरक’, असे आहे. अपहरणाच्या चित्रणाचा विचार करू पाहणाऱ्याला हा चित्रपट टाळून पुढे जाता येत नाही.

कथा आणि तिचा उगम

चित्रपटाची मूळ कल्पना जपानी नाही. एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाची ‘किंग्ज रॅन्सम’ ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली. एका काल्पनिक अमेरिकन शहरातील पोलीस ठाण्यावर मॅकबेन यांनी जी दीर्घ कथामाला लिहिली, तिच्यातील ही एक कादंबरी होय. कुरोसावा आणि त्यांचे सहलेखक हिदेओ ओगुनी, र्युझो किकुशिमा व एइजिरो हिसाइता यांनी तिच्यातील मध्यवर्ती प्रसंग तेवढा घेतला आणि तो योकोहामा या बंदराच्या शहरात नेऊन बसवला.

तो प्रसंग असा. किंगो गोंदो हा पादत्राणे तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा संचालक आहे. सोळाव्या वर्षी उमेदवार कारागीर म्हणून तो या धंद्यात शिरला आणि स्वतःच्या हिमतीवर वर चढला. कंपनीतील इतर संचालकांना दिसायला झगझगीत पण टिकायला कच्चे असे स्वस्त जोडे बाजारात आणायचे आहेत. गोंदोला ते मान्य नाही. कंपनीचा ताबा आपल्या हाती यावा म्हणून त्याने गुपचूप समभाग विकत घेण्याचा घाट घातला आहे आणि त्यासाठी राहते घरही गहाण टाकून पाच कोटी येन उभे केले आहेत. पैसे ओसाकाला पाठवायचे त्याच संध्याकाळी दूरध्वनी वाजतो. तुमचा मुलगा माझ्या ताब्यात आहे, तीन कोटी येन द्या, असे पलीकडचा आवाज सांगतो. गोंदो क्षणाचाही विचार न करता पैसे देण्याचे कबूल करतो.

इतक्यात त्याचा मुलगा जुन खेळता खेळता घरात येतो.

दोन मुले पोशाखांची अदलाबदल करून खेळत होती. अपराध्याने चुकून गोंदोच्या मोटारचालकाचा मुलगा शिनिची याला पळवले आहे. चूक लक्षात आल्यावरही तो मागे हटत नाही. मूल कोणाचेही असो, पैसे गोंदोनेच द्यावेत, अशी त्याची मागणी कायम राहते.

या एका चुकीमुळे कथेचे स्वरूपच पालटते. आपल्या मुलासाठी सर्वस्व देणाऱ्या बापाची कथा आपल्याला नवी नाही. त्यात निर्णय असा नसतोच. परंतु दुसऱ्याच्या मुलासाठी माणसाने किती द्यावे? आणि ते मूल आपल्याच नोकराचे असेल तर? मघाशी तत्काळ ‘देतो’ म्हणणारा गोंदो आता ‘देणार नाही’ म्हणतो. मधल्या काही क्षणांत रकमेत एका येनाचाही फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो केवळ मुलाच्या नावात.

बंद खोली

143 मिनिटांच्या या चित्रपटातील जवळजवळ पहिला तासभर आपण गोंदोच्या दिवाणखान्यातच असतो. पळवलेल्या मुलाचे दर्शन आपल्याला घडत नाही. अपराधीही दिसत नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. घर एका टेकडीवर आहे आणि खाली शहर पसरलेले आहे. अपराधी त्या शहरातून कोठूनतरी घराकडे पाहत आहे, एवढेच आपल्याला कळते. त्यामुळे पोलिसांना मालाची पोच देणाऱ्या दुकानाच्या नोकरांच्या वेषात घरात शिरावे लागते, भर दिवसा पडदे ओढून घ्यावे लागतात. अपराध्याने पडदे उघडण्यास सांगताच अधिकारी जमिनीवर आडवे होऊन लपतात. येथे पाहणारा तो आहे आणि पाहिले जात आहेत ते पोलीस.

चित्रपट कृष्णधवल असून त्याची चौकट रुंद आहे. तिची रुंदी उंचीच्या दुपटीहून बरीच अधिक भरते. असा रुंद पडदा सामान्यतः डोंगर, सागर आणि लढाया दाखवण्यासाठी वापरला जाई. कुरोसावांनी तो एका खोलीसाठी वापरला. त्याचा लाभ असा, की निर्णयाच्या घटकेला खोलीतील सर्व माणसे एकाच चौकटीत दिसतात. मध्यभागी गोंदो असतो. एका बाजूला त्याची पत्नी रेइको असते. मुलासाठी पैसे द्यावेत, असे तिचे आर्जव चालू असते. दुसऱ्या बाजूला सचिव कावानिशी आपल्या भवितव्याचा हिशेब करीत उभा असतो. पोलीस नजर खाली वळवून बसलेले असतात, कारण दुसऱ्याला दरिद्री हो असे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. आणि चौकटीच्या कडेला, कित्येकदा पाठमोरा, मोटारचालक आओकी उभा असतो. तो आधी मालकाच्या पायाशी लोळण घेतो. पुढे स्वतःच आपली याचना मागे घेऊ पाहतो. आपले मूल परत मागतानाही आपण मर्यादा ओलांडीत आहोत असे ज्याला वाटते, त्या माणसाची लाज त्याच्या वाकलेल्या पाठीत दिसते. त्यासाठी त्याचा चेहरा जवळून दाखवण्याची गरज दिग्दर्शकाला भासत नाही.

तोशिरो मिफुने यांनी गोंदोची भूमिका केली आहे. तलवारबहाद्दर सामुराईच्या भूमिकांमुळे जगभर नावाजलेल्या या नटाला येथे हातात काहीच न धरता येरझाऱ्या घालाव्या लागतात. तात्सुया नाकादाइ हे तोकुरा या तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत. अखेरीस गोंदो पैसे देण्यास तयार होतो, तेव्हा कुरोसावा त्याच्या तोंडी कोणतेही भाषण घालीत नाहीत. निर्णय होतो तो मोठ्या बोलांवाचून.

त्यानंतरचा प्रसंग मात्र विसरता येत नाही. पैशाच्या पिशव्यांत पोलिसांना दोन कुप्या लपवायच्या आहेत: एक पाण्यात भिजल्यास दुर्गंध सोडणारी आणि दुसरी जळल्यास गुलाबी धूर देणारी. कातड्याच्या पिशवीत त्या शिवणार कोण? गोंदो आपली उमेदवारीच्या काळातील हत्यारे मागवतो आणि कोट काढून जमिनीवर बसतो. स्वतःच्या संपत्तीचा विनाश ज्या पिशवीतून होणार, ती पिशवी तो स्वतःच्या हातांनी शिवतो. ज्या कौशल्याने तो टेकडीवर चढला, तेच कौशल्य त्याला पुन्हा जमिनीवर आणते. परंतु हाच माणूस त्या घटकेस सर्वांत मोठा दिसतो.

सात सेंटिमीटर

खंडणी पोचवण्याची युक्ती हा अपहरणाच्या प्रत्येक कथेचा कसोटीचा क्षण होय. पैसे घेण्यासाठी अपराध्याला कोठेतरी प्रकट व्हावेच लागते; तेथेच तो सापडण्याचा संभव सर्वाधिक असतो. ‘स्वर्ग आणि नरक’ मधील अपराधी या अडचणीवर आगगाडीच्या साहाय्याने मात करतो.

गोंदोने ‘कोदामा’ या जलद गाडीत बसावे, असा आदेश येतो. जपानच्या सुप्रसिद्ध अतिवेगवान गाड्या ऑक्टोबर 1964 मध्ये सुरू झाल्या. ही त्यांच्या आधीची गाडी होय. तिच्या डब्यांच्या खिडक्या बंद असल्यामुळे पैसे बाहेर टाकता येणार नाहीत, अशी पोलिसांची समजूत असते. गाडी वेगात असताना गाडीतील दूरध्वनीवर गोंदोला बोलावणे येते. प्रसाधनगृहाची खिडकी सात सेंटिमीटर उघडते, असे आवाज सांगतो. पिशव्यांची जाडी सात सेंटिमीटरांहून अधिक नसावी, ही आधी विचित्र वाटलेली अट आता उलगडते. साकावा नदीच्या पुलाजवळ मूल उभे केलेले दिसेल. ते पाहावे आणि पूल ओलांडताच पिशव्या बाहेर फेकाव्यात.

तासभर बंद खोलीत बसलेल्या प्रेक्षकाला येथे एकदम वेगाचा धक्का बसतो. मूल प्रथमच दिसते, तेही निमिषमात्र आणि धावत्या गाडीच्या काचेतून. हा प्रसंग खऱ्या धावत्या गाडीत, अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवून चित्रित केला गेला. पूल एकदा मागे पडला की पुन्हा चित्रण करण्याची सोय नव्हती. नदीकाठच्या एका घराचा वरचा भाग दृश्याच्या आड येत होता, म्हणून तो तात्पुरता उतरवण्यात आला, अशी हकिकत सांगितली जाते. चित्रपटातील पोलिसांनाही एकच संधी आहे. गाडीच्या दोन्ही टोकांकडून ते छोट्या चित्रकॅमेऱ्यांनी नदीकाठ टिपून घेतात. म्हणजे चित्रपट तयार करणारे आणि चित्रपटातील पोलीस एकाच वेळी एकच काम करीत असतात: पुन्हा न येणारा क्षण पकडण्याचे.

शोध

मूल सुखरूप परत येते. सामान्य कथा येथे संपली असती. कुरोसावांची कथा मात्र येथे निम्मीही झालेली नसते, कारण गोंदो आता नागवला गेला आहे आणि अपराधी मोकळा आहे. यापुढे चित्रपट खोलीतून शहरात उतरतो.

तपासाचे चित्रण हा या चित्रपटाचा दुसरा मोठा विशेष होय. येथे एकट्याच्या अलौकिक बुद्धीने रहस्य उलगडणारा कोणी हेर नाही. एका मोठ्या खोलीत घामाने डबडबलेले अनेक अधिकारी बसलेले असतात. एकेक जोडी उठून आपला वृत्तांत सांगते. कोणी सार्वजनिक दूरध्वनी तपासले आहेत, कोणी चोरीस गेलेल्या मोटारीचा माग काढला आहे. कित्येकांच्या हाती काहीच लागलेले नाही आणि तेही ते प्रामाणिकपणे सांगतात. खरा तपास असाच चालतो. तो नव्याण्णव निष्फळ फेऱ्यांतून शंभराव्या फेरीकडे जातो.

त्यातील एक धागा नमुन्यादाखल पाहू. अपराध्याच्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण पोलिसांजवळ आहे. त्यात बोलण्यामागे एका गाडीचा आवाज ऐकू येतो. रेल्वेच्या एका जुन्या नोकराला तो ऐकवला जातो आणि तो क्षणार्धात सांगतो, की हा आवाज एनोशिमाच्या विद्युत गाडीचा आहे. दुसरीकडे शिनिचीने आपल्याला कोठे ठेवले होते त्या जागेचे चित्र काढलेले असते. आणि तिसरीकडे आओकी कोणालाही न सांगता मुलाला मोटारीत घालून वाट आठवण्यासाठी रस्तोरस्ती फिरत असतो, मुलाला आठवले नाही की त्याच्यावर रागावत असतो. मालकाचे ऋण फेडण्याचा त्याला हा एकच मार्ग दिसतो. शास्त्र, अनुभव आणि कृतज्ञता अशा तीन वाटांनी तपास समुद्रकाठच्या एका घराशी येऊन पोचतो. तेथे अपराध्याचे दोन्ही साथीदार, हेरॉइनच्या आहारी गेलेले एक जोडपे, मृतावस्थेत सापडतात. अति तीव्र हेरॉइन देऊन त्यांना संपवण्यात आलेले असते.

अपराधी कोण, हे रहस्य कुरोसावा शेवटपर्यंत ताणत नाहीत. पोलिसांच्या आधी प्रेक्षकाला तो दाखवला जातो. ताकेउची नावाचा हा तरुण रुग्णालयातील प्रशिक्षणार्थी डॉक्टर आहे. टेकडीच्या पायथ्याशी, घाण पाण्याच्या कालव्याकाठच्या दाट वस्तीत त्याची खोली आहे. तेथून त्याला टेकडीवरचे शुभ्र घर रात्रंदिवस दिसते. दूरध्वनीवर बोलताना तो उकाड्याची तक्रार करतो: तुमच्याकडे वातानुकूलन आहे, आमच्याकडे आग पेटली आहे. चित्रपटाच्या नावातील स्वर्ग आणि नरक यांच्यात केवळ एका टेकडीचे अंतर आहे.

पोलीस वर्तमानपत्रांच्या सहकार्याने खोटी बातमी छापवतात. खंडणीतील एक नोट बाजारात मिळाली, असे त्यात म्हटलेले असते आणि पिशव्यांची चित्रेही प्रसिद्ध होतात. घाबरलेला अपराधी पिशव्या जाळतो. मग कृष्णधवल शहरावरील एका धुराड्यातून गुलाबी धुराचा लोट वर चढतो. संपूर्ण चित्रपटात रंग येतो तो एवढाच. गोंदोने स्वतः शिवलेली कुपी तेथे बोलू लागते.

पंधरा वर्षे की फाशी?

येथवर आपली सहानुभूती निःसंदेह पोलिसांच्या बाजूस असते. परंतु यापुढे चित्रपट आपल्याला एका अवघड जागी नेऊन उभे करतो.

ताकेउची सापडला आहे; त्याला पकडता येईल. पण तोकुराच्या मते आताच पकडले तर त्याला जास्तीत जास्त पंधरा वर्षे शिक्षा होईल. हा आकडा मनचा नाही. त्या काळच्या जपानी दंडसंहितेत लाभासाठी केलेल्या अपहरणाला कमाल शिक्षा दहा वर्षे होती. अनेक गुन्हे एकत्र आल्यास मुदत निम्म्याने वाढवता येई. एवढी शिक्षा तोकुराला अपुरी वाटते. साथीदारांच्या खुनाचा पुरावा मिळावा म्हणून पोलीस त्याला मोकळा ठेवतात आणि साथीदार जिवंत असल्याचा भास निर्माण करून त्याला पुन्हा खून करण्याच्या वाटेवर ढकलतात. तीव्र हेरॉइन मारक ठरते की नाही, हे पाहण्यासाठी ताकेउची व्यसनींच्या वस्तीतील एका स्त्रीवर प्रयोग करतो. ती मरते. पोलिसांची पाळत चालू असतानाच ही हत्या घडते.

त्या स्त्रीसाठी चित्रपटात कोणी अश्रू ढाळीत नाही. तिचे नावही आपल्याला कळत नाही. आणि येथेच सावध प्रेक्षकाच्या मनात आरंभीचा प्रश्न पुन्हा जागा होतो. मोटारचालकाचे मूल हे गोंदोला ‘दुसऱ्याचे’ वाटले होते. त्याने ते अंतर तोडले. मग ही स्त्री कोणाची? न्यायाच्या मागे लागलेल्या पोलिसांनी तिच्या बाबतीत तेच अंतर राखले नाही काय? कुरोसावांना अपहरणाच्या सौम्य शिक्षांविषयी संताप होता आणि तो चित्रपटात स्पष्ट उतरला आहे. तथापि थोर कलाकृती आपल्या कर्त्याच्या संतापापेक्षा मोठी असते. त्या अंधाऱ्या गल्लीतील दृश्ये कर्त्याच्या मताची बाजू घेत नाहीत. ती केवळ साक्ष देतात.

ताकेउचीला अटक होते, पैशाचा मोठा भाग परत मिळतो. परंतु त्याच वेळी गोंदोच्या घरातील सामानावर जप्तीच्या चिठ्ठ्या लावल्या जात असतात. शेवटच्या दृश्यात फाशीची शिक्षा झालेला ताकेउची गोंदोला भेटीस बोलावतो. दोघांच्या मध्ये जाळी आणि काच आहे. काचेत एकाचा चेहरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतो, त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे क्षणभर कळत नाही. गोंदो आता एका लहानशा कंपनीत पुन्हा जोडे तयार करतो आहे. आपण एकमेकांचा द्वेष का करावा, हे त्याला समजत नाही. ताकेउची आधी हसतो, मग थरथरू लागतो, ओरडतो. त्याला ओढून नेले जाते आणि मध्ये लोखंडी पडदा कोसळतो. त्सुतोमु यामाझाकी या त्या वेळच्या तरुण नटाने हा प्रसंग असा वठवला आहे, की अपराध्याविषयी क्षमा वाटत नाही, पण समाधानही वाटत नाही.

हिंदी रूपांतर

या कथेने पुढे दोन दिशांनी प्रवास केला. एक प्रवास इतर चित्रपटांत झाला आणि दुसरा चित्रपटगृहाबाहेर.

भारतीय प्रेक्षकांना ही कथा 1977 साली ‘इन्कार’ या हिंदी चित्रपटातून परिचित झाली. त्याचे दिग्दर्शन राज सिप्पी यांचे होते. उद्योगपतीच्या भूमिकेत मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ नट डॉ. श्रीराम लागू होते, पोलीस अधिकारी विनोद खन्ना आणि अपहरणकर्ता अमजद खान. धनिकाच्या मुलाऐवजी चुकून दुसरे मूल पळवले जाणे आणि नैतिक पेच उद्योगपतीवर येऊन पडणे, हा गाभा तेथेही राखलेला आहे. मराठी नाटकांतून अंतर्द्वंद्वाच्या भूमिका केलेल्या लागूंना हा पेच अपरिचित नव्हता. परंतु हिंदी चित्रपटाच्या प्रघाताप्रमाणे कथेचे वजन उद्योगपतीकडून तरुण पोलीस अधिकाऱ्याकडे सरकते. उषा मंगेशकरांच्या आवाजातील आणि हेलन यांच्यावर चित्रित झालेले ‘मुंगळा’ हे गीत चित्रपटाहूनही अधिक लक्षात राहिले. अपराध्याचे स्वरूपही पालटले. कुरोसावांचा अपराधी शेजारी राहणारा, शिकलेला, सौम्य चेहऱ्याचा तरुण आहे. अमजद खान यांचा अपराधी पाहताक्षणीच भीती वाटावी असा आहे. हा दोष म्हणता येणार नाही. निराळ्या प्रेक्षकवर्गासाठी केलेली ती निराळी रचना आहे. मात्र खलनायक दिसताच ओळखू आला, की आपल्या शेजारच्या टेकडीकडे पाहण्याची गरज उरत नाही. अलीकडे, 2025 मध्ये, स्पाइक ली यांनी हीच कथा न्यूयॉर्कच्या संगीतव्यवसायात नेली. म्हणजे तिच्यातील प्रश्न साठ वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

पडद्याबाहेर

दुसऱ्या दिशेचा प्रवास मात्र दुःखद आहे.

‘स्वर्ग आणि नरक’ 1 मार्च 1963 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या 31 तारखेस टोकियोत चार वर्षांच्या एका मुलाचे अपहरण झाले. पाच लाख येनांची खंडणी मागण्यात आली, ती देण्यातही आली, आणि पैसे घेऊन अपराधी निसटला. मुलाला त्याने आधीच ठार मारले होते. पोलिसांनी दिलेल्या नोटांचे क्रमांक टिपून ठेवले नव्हते. पुढे अपराध्याचा ध्वनिमुद्रित आवाज आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरून देशभर ऐकवला गेला. तो 1965 मध्ये कबुलीपर्यंत आला. 1971 मध्ये त्याला फाशी झाली. त्याने कुरोसावांच्या चित्रपटाची जाहिरातीसाठी दाखवली जाणारी झलक पाहिली होती, असे त्या प्रकरणाच्या वृत्तांतांत नमूद आहे.

यावरून अपराधाचे चित्रण अपराध शिकवते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केल्यास गोष्ट इतकी सरळ नाही, हे ध्यानात येईल. लहान मुलांना पळवून खंडणी मागण्याचे गुन्हे जपानमध्ये या चित्रपटापूर्वीही घडले होते आणि कुरोसावांचा संताप त्यांतूनच आला होता. शिवाय झलक ती केवळ झलकच. जाहिरातीत धमकी, दूरध्वनी आणि पैशांचा आकडा येतो. आओकीची वाकलेली पाठ, पिशवी शिवणारे हात आणि काचेपलीकडची थरथर या गोष्टी संपूर्ण चित्रपट पाहणाऱ्यालाच दिसतात. चित्रपटातील पोलीस प्रत्येक नोटेचा क्रमांक लिहून ठेवतात. खऱ्या पोलिसांनी ते केले नाही. तेव्हा या चित्रपटापासून काही शिकायचे होते, तर ते अपराध्यापेक्षा इतरांना अधिक होते.

1964 साली जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठी केलेल्या अपहरणाविषयी स्वतंत्र कलम घालण्यात आले. किमान शिक्षा तीन वर्षे आणि कमाल शिक्षा जन्मठेप ठरली. त्याबरोबरच, खटला दाखल होण्यापूर्वी पळवलेल्या व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी सोडून दिल्यास शिक्षा कमी करण्याची तरतूद झाली. कायद्याचा पहिला हेतू सूड नसून जीव वाचवणे हा आहे, हे त्यातून दिसते. आपल्याकडे भारतीय दंडसंहितेत असे स्वतंत्र कलम, 364-अ, 1993 मध्ये आले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 140 व्या कलमात त्याचा समावेश झाला आहे.

जपानी कलमाच्या शब्दरचनेत एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. पळवलेल्या व्यक्तीविषयी वाटणाऱ्या काळजीचा फायदा घेऊन धन उकळणे, असे या गुन्ह्याचे वर्णन तेथे केलेले आहे. ही काळजी करणारे कोण? कलमात जवळचे नातलग येतातच. परंतु केवळ तेवढ्यावर ते थांबत नाही. त्या व्यक्तीच्या सुखरूपतेची काळजी वाहणाऱ्या इतरांचाही त्यात अंतर्भाव आहे. कायदा एका चित्रपटामुळे झाला, असे म्हणण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या मुलासाठी रात्रभर येरझाऱ्या घालणाऱ्या आणि सकाळी जमिनीवर बसून पिशवी शिवणाऱ्या त्या माणसाला ‘इतर’ या एका शब्दात कायद्यानेही जागा दिली आहे.